लेबलावरचा क्रेफिश

“ही गेली,” म्हणत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मंजुळाची उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली. एका स्पॉटवर तिचं पास-नापास अडकलं होतं. नापास म्हणजे बी.एस्सी.चं वर्ष वाया आणि सामान बांधून परत गावी, पेठला.

सत्तरच्या दशकात मी नाशिकच्या एका कॉलेजात झूलॉजीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, म्हणजे प्रॅक्टिकल शिकवणारा. ‘स्पॉट’ म्हणजे बरणीतला प्राणी. लेबल झाकलेलं असतं. प्राणी ओळखायचा, तो कुठे राहतो ते लिहायचं. आमची मुलं प्राणी नाही, बरणी ओळखत. झाकणाचा टवका उडालेली बरणी म्हणजे क्रेफिश, युरोपातल्या ओढ्यांत राहणारा, कोळंबीसारखा दिसणारा. हे मीच पाठ करून घेतलं होतं.

मंजुळाने लिहिलं होतं, ‘कोळंबी. आमच्या नदीत, दगडांखाली.’

मी तिला बाजूला घेतलं. “वर्गात काय सांगितलं होतं?”

“क्रेफिश. पण सर, परीक्षेत खरं लिहायचं ना?”

“कोळंबी कशावरून?”

“हातानं धरतो की आम्ही! मोठी नांगी दुसऱ्या पायाला असते. तीच चावते.”

मी पुस्तक उघडलं. क्रेफिशच्या पुढच्या तीन जोड्या पायांना नांग्या असतात, पहिली सर्वांत मोठी. बरणीतल्या मोजल्या. दोनच जोड्या. मोठी दुसरी.

“गप्प बस,” शेजारी उभे असलेले आमचे विभागप्रमुख कुजबुजले. मी मोर्च्यांत जायचो, ते त्यांना ठाऊक होतं. “ते लेबल माझ्याही आधीचं आहे. सगळा वर्ग चुकला म्हणून सांगणार? इथे मोर्चा काढायचा नाहीये.”

“मोर्चा नाही सर. पाय मोजायचेत.”

मी बरणी परीक्षकांपुढे ठेवली. “चूक माझी. बाकीच्यांनी मी शिकवलं ते लिहिलं, हिने दिसलं ते.”

त्यांनी चष्मा लावला. सुईने दोनदा मोजलं.

“तुम्ही क्रेफिश कधी पाहिलाय?”

“नाही.”

“मीही नाही. आपल्या नद्यांत तो राहतच नाही,” म्हणत ते हसले. मंजुळाला पूर्ण मार्क दिले. इतरांचे कापले नाहीत. “शिक्षा शिकवणाऱ्याला हवी,” एवढंच म्हणाले.

मग ते लेबल खरवडून काढलं. नव्यावर ‘कोळंबी’ आणि मंजुळाने सांगितलेलं तिच्या नदीचं नाव लिहिलं. वर ती म्हणाली, “पावसाळा सरला की या सर. जिवंत दाखवते. बोट सांभाळा फक्त.”

चळवळीची पत्रकं वाचत वाढलेला मी. सत्तेवर शंका घ्यायला शिकलो होतो, छापील अक्षरावर नाही. तेव्हापासून आधी पाय मोजतो.