तिठ्यावरचा मान

अण्णांशी कोणीही कुठल्याही विषयावर बोलायला बसलं, तरी थोड्या वेळात ते बोलणं एस्टीच्या थांब्यावर येऊन उभं राहायचं. आंब्याला मोहोर धरला नाही असं कोणी म्हणालं, तर मोहोर गळायला जो पाऊस कारण झाला त्याच पावसात आपल्या तीन रस्त्यांच्या तिठ्यावर माणसं कशी भिजली, हे अण्णा सांगत. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरच्यांनी पत्रिका पाहिली, मुलाची नोकरी पाहिली. शेजारी या नात्यानं अण्णांनी एकच चौकशी केली, मुलीनं उतरायच्या थांब्याची, आणि स्थळ नापसंत केलं. "झील बरो आसा," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "पण तेंच्या गावात यष्टीतसून उतारतला खंय ह्या चेडू? पावसात?"

ते स्थळ पुढे दुसऱ्याच कारणानं फिसकटलं, पण अण्णांनी त्याचं श्रेय कधी सोडलं नाही.

अण्णांची उमेदीची वर्षं मुंबईत ट्रामवर तिकिटं फाडण्यात गेली होती. पन्नास सालानंतर ते गावी परतले, त्याच सुमारास आमच्या तिठ्यावरून मालवणची एस्टी जाऊ लागली. एस्टी आली, थांबा आला नाही. म्हणजे थांबा होता, पण तो एक काजूचं झाड एवढाच. एका श्रावणात अण्णांची बायको मालवणच्या डॉक्टरकडे जायला निघाली, गाडीची वाट पाहत त्या झाडाखाली भिजली आणि त्या तापातून उठली नाही. अण्णा याबद्दल एक अक्षर बोलत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच असे, की गाडी येईपर्यंत माणूस कोरडा राहिला पाहिजे. कुठलाही माणूस.

कचेरीत गेले की अण्णा शुद्ध मराठीत शिरत. पंचायतीपुढे त्यांनी मांडला तो 'प्रस्ताव': चिऱ्यांच्या तीन भिंती, आत बाक, वर मंगळुरी कौलं, बाहेर वेळापत्रकाचा फळा. पंचायतीनं तो चहा येण्याआधीच एकमतानं मंजूर केला. मंजूर करायला काहीच लागत नव्हतं. त्यानंतर त्या प्रस्तावाचं काय झालं ते देवाला ठाऊक. अण्णांनी दुसरा मांडला, तोही मंजूर झाला. गावानं त्यांचं नाव प्रस्ताव अण्णा ठेवलं, आणि त्यांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं.

शेवटी गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना गाठून, याचे चिरे, त्याचे वासे असं करत त्यांनी शेड उभी केलीच. कौलं जमली नाहीत म्हणून वर माडाचे झाप घातले. पाऊस सोसाट्यानं तिरका येतो, म्हणून तिन्ही भिंती चांगल्या उंच घेतल्या. त्यामुळे आत एक थेंब येत नसे, पण आत बसलेलं माणूस ड्रायव्हरलाही दिसत नसे. तेव्हा कोणीतरी एकानं बाहेर रस्त्यावर उभं राहून हात करायचा आणि बाकीच्यांनी आत बसायचं, अशी पद्धत पडली. तो एक कोण, यावर रोज कुरबुर होई. मी तेव्हा मालवणला शाळेत शिकवायला जात असे. मी बहुतेक वेळा आतच असे.

शेड बांधणं सोपं होतं, असं अण्णांना वर्षभरात कळलं. आत बकऱ्या बसू लागल्या. विडीची थोटकं, माशांच्या रिकाम्या पाट्या, कोणाचं तरी फाटकं जाळं असं सगळं तिथे वस्तीला आलं. झाप दर वर्षी पावसाआधी बदलायला हवेत, ते कोण बदलणार? शेड सरकारची, असं गाव म्हणे. सरकारनं तर ती पाहिलीही नव्हती. अण्णांनी देखभालीचा प्रस्ताव मांडला. तो मंजूर झाला.

मग जत्रा आली. देवळाचं अंगण झाडण्याचा मान कोणाच्या घराण्याचा, यावरून दोन भावक्या हमरीतुमरीवर आल्या. हे भांडण नवं नव्हतं, आज्यापासून कोर्टात होतं. अण्णा बाजूला उभे राहून ऐकत होते. परत येताना वाटेत थांबून माझ्या वडिलांना म्हणाले, "झाडू मारूक ह्ये कोर्टात जातत, आणि शेडीत मारूक सांगला तर हेंचे हात दुखतत." आणि तिथेच त्यांच्या डोक्यात तो किडा शिरला.

पुढच्या पौर्णिमेला शेडीसमोर नारळ ठेवून देवाला रीतसर गाऱ्हाणं घातलं गेलं आणि अण्णांनी शेडीचे मान वाटले. पहिला झाप घालण्याचा मान दाजी गावकरांचा. ते गावचे पहिले मानकरी, देवळात नारळही त्यांचाच पहिला. झाडण्याचा मान एका घराला, बाक पुसण्याचा दुसऱ्याला, संध्याकाळी कंदील लावण्याचा तिसऱ्याला. परिणाम असा झाला, की आमच्या घरापेक्षा शेड स्वच्छ राहू लागली. ज्यानं स्वतःच्या बायकोला कधी पाण्याचा तांब्या उचलून दिला नाही, तो पहाटे उठून बाक पुसत होता. दुसऱ्या कोणी चुकून फडकं हातात घेतलं तर त्याच्यावर डोळे वटारत होता. अण्णा खुशीत होते. शहाण्या माणसाचं गावात चाललेलं पाहायला मिळतं ते असं क्वचितच.

रस्त्यावर उभं राहून हात करण्याचं काम तेवढं उरलं होतं. मानकऱ्यांनी विचार करून तोही 'मान' ठरवला आणि तो दिला भागीरथीच्या घराला. भागीरथी व्हाळाच्या पाण्यापलीकडच्या वाडीतली. सुपं आणि रोवळ्या विणून बाजाराच्या दिवशी मालवणला नेई. त्या वाडीला देवळात पायरीपर्यंतच जायची मुभा होती. कायद्यानं हे सगळं केव्हाच संपलं होतं, पण आमच्या गावात कायदाही एस्टीनंच यायचा आणि एस्टीला नेहमी उशीर व्हायचा. गंमत म्हणजे गाडीत चढल्यावर सगळे एकमेकांना खेटून बसत, भागीरथीच्या रोवळ्या दाजींच्या मांडीला लागत आणि कोणाचं काही बिघडत नसे. बिघडे ते थांब्यावर. आणि अण्णांना यात काही वावगं दिसलं नाही. सर्वांना मान मिळाला, कोणी उरलं नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

आषाढातल्या एका बाजाराच्या दिवशी धो धो पाऊस होता. आम्ही सगळे आत होतो. भागीरथी डोक्यावर पोतं घेऊन रस्त्यात उभी होती, आणि तिच्या सुपांतून पाणी गळत होतं. अण्णा मोठ्या कौतुकानं शेडीच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी तिला विचारलं, की मान मिळाला, आता कसं वाटतं?

ती वळली. आवाज चढवला नाही.

"मान तुमच्याकडेच ऱ्हवांदे, अण्णांनू," ती म्हणाली. "माका छप्पर होया."

अण्णांचा चेहरा मी पाहिला आणि मला त्यांच्याकडे बघवेना. गाडीत ते माझ्या शेजारी बसले होते. मालवण येईपर्यंत एकदाच बोलले, तेही खिडकीकडे पाहत. "शेड बांधूची हुती, बाय. देऊळ बांधून बसलंय."

पुढच्या बाजाराला अण्णा स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहिले. भागीरथीला त्यांनी हाताला धरून आत नेलं आणि बाकावर बसवलं. मानकरी एकामागून एक उठले, काजूच्या झाडाखाली गेले आणि तिथे भिजत आपली परंपरा राखू लागले. काही दिवस असं दृश्य होतं, की शेडीत भागीरथी, मी आणि रोवळ्या, शेड बांधणारा रस्त्यात, आणि शेडीचे मानकरी झाडाखाली. पण आषाढाशी हट्ट करून कोण जिंकलाय? आधी बाक पुसणारा आला, "आज जरा कणकण वाटता" असं म्हणत. मग बाकीचे. दाजी गावकर सर्वांत शेवटी आले, अंगावरचं इरलं न काढता कोपऱ्यात पाठ करून उभे राहिले. आत आले ते फक्त पावसापुरते, हे सर्वांना कळावं म्हणून.

मान मात्र सगळ्यांनी परत केले. झाडणं गेलं, कंदील गेला. अण्णांनी त्याचा प्रस्ताव मांडला नाही. वैशाखात स्वतः शिडी लावून झाप घालत, भागीरथीचा नवरा खालून देई. आणि रोज सकाळी, कामावर जायचं नसतानाही, म्हातारा आमच्यासाठी रस्त्यात उभा राहून गाडीला हात करी. कितीही सांगितलं तरी आत येत नसे. मी चिडून एकदा म्हटलं, की तुम्ही कुठलाही माणूस म्हणता त्यात तुम्ही नाही का? ते वळले आणि त्यांनी गाडीला हात केला.

असे दहाएक पावसाळे त्यांनी काढले. गेले ते घरी, खाटेवर, अगदी कोरडे. रस्त्यात भिजून गेले असते तर गावानं त्यांची तसबीर लावली असती. आमच्या घरात त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

ते गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी आम्ही शेडीत बसलो होतो आणि गाडी समोरून निघून गेली. रस्त्यावर कोणी नव्हतं. ड्रायव्हरनं नेहमीच्या जागी हात शोधला असेल आणि तो नाही म्हणून पुढे गेला असेल. आम्ही धावलो, ओरडलो, आणि पुढची गाडी दुपारी.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होता. गाडीची वेळ झाली. जो तो दुसऱ्याकडे पाहू लागला. भागीरथीनं सुपं खाली ठेवली आणि पोतं डोक्यावर घेतलं.

"तू बस गो," कोपऱ्यातून दाजी गावकर म्हणाले. "मी जातंय."

आता तिथे सिमेंटची शेड आहे, तिच्याही भिंती तशाच उंच. गाडीला हात करण्याचा मान गावकरांच्या घराण्याचा आहे आणि तो पूर्वापार चालत आला आहे, असं दाजींचा नातू सांगतो. अण्णांचं नाव त्याला ठाऊक नाही. मी ते सांगत बसत नाही. तो पावसात उभा असतो, आणि गाडी येईपर्यंत बाकी सगळे आत असतात.