बाबांचे होमरन

बाबांनी जन्मात बेसबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता. नागपूरहून ते ग्लासगोच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले आणि इथल्या जुन्या वस्तूंच्या एका चॅरिटी शॉपमध्ये त्यांना पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन बेसबॉलच्या आकड्यांचं जाडजूड पुस्तक मिळालं. कुणी किती होमरन, म्हणजे तिकडचे षटकार, मारले, कुणाचं स्लगिंग किती. क्रिकेटचे आकडे काय, सोम्यागोम्यालाही पाठ असतात, असं त्यांचं म्हणणं. आणि या पुस्तकावरही त्यांचा भरवसा नव्हता. स्लगिंग काढायला फलंदाजाने फटक्यांवर गाठलेल्या बेसची, म्हणजे टप्प्यांची, बेरीज करायची, ती त्याला मिळालेल्या संधींनी भागायची. हे ते पेन्सिलीने पुन्हा करून बघत आणि रविवारी मला करायला बसवत. मैत्रिणी पोहायला जायच्या, मी भागाकार करायचे. उत्तर दाखवलं की वर न बघता ते म्हणायचे, "परत बघ." उत्तर खरं असलं तर नुसतं पान उलटायचे. त्यांच्या तोंडून एकदा 'बरोबर' ऐकावं म्हणून मी जिवाचं रान केलं. ते कधी म्हणाले नाहीत, आणि त्याचा मला अजून राग येतो.

या मार्चमध्ये त्यांना स्ट्रोक आला. मी ब्रिस्टलहून धावत आले तर उजवा हात गेलेला, वाचाही गेलेली. स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्यांच्या आवडीचं काहीतरी वाचून दाखवा, त्यांना कितपत समजतंय ते तरी कळेल. दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक घेऊन वॉर्डात गेले.

त्यांच्या लाडक्या फलंदाजाचे एका मोसमातले होमरन मी वाचले, मुद्दाम दहाने वाढवून. हे त्यांनी खपवून घेणं शक्यच नव्हतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग ओठ हलले.

"बरोबर."

स्ट्रोकनंतरचा पहिला शब्द. मराठी न कळणाऱ्या नर्सलाही आनंद झाला, तिने त्यांची पाठ थोपटली. मी मात्र आकडा दुप्पट केला. पुन्हा "बरोबर." शेवटी खरा आकडा वाचला. त्यालाही "बरोबर," त्याच सुरात.

पुस्तक मिटून मी त्यांचा डावा हात धरला.

"बाबा, मी परत बघू का?"

"बरोबर," ते म्हणाले.