वरच्या वावरातलं पाणी

पुण्याहून निघताना गाडीत माणसं दोन आणि परात एक होती. माणसं म्हणजे मी आणि माझी मुलगी अश्विनी. परात माझ्या प्रयोगासाठी घेतली होती. घरातलं कुणी काही विचारलं की मी आधी साहित्य गोळा करतो, विषय मागाहून समजून घेतो.

अश्विनीला दोन वर्षं परदेशी संशोधनाला बोलावणं आलं होतं. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. अडलं होतं ते शिराळ्याजवळच्या तिच्या आजोळी. चौथीपर्यंत ती तिथंच वाढली. सासूबाई गेल्यावर माझे सासरे, म्हणजे आबा, एकटेच राहतात. फोनवर ते म्हणाले होते, "कशापायी जायाचं ते मला कळंल असं सांग. कळलं तर जा." त्यांना कळल्याशिवाय जायचं नाही, असं तिनंही ठरवून टाकलं. समजावण्याची जबाबदारी मी हौसेनं अंगावर घेतली.

शिरवळला चहा पिताना तिनं मला तिसऱ्यांदा विषय सांगितला. क्वांटम सुसंगती, म्हणजे एकाच कणाचं एका वेळी दोन अवस्थांत असणं. कुणी डोकावलं की ते मोडतं, पण जपलं तर त्यातून काम काढून घेता येतं. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

वाट वाकडी करून औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो. डोंगराच्या पायथ्याशी ओटीचं सामान विकणाऱ्या बाईंनी पोरगी कुठं निघाली म्हणून विचारलं. मला सराव हवाच होता. एकच कण दोन्हीकडं असतो, बघायला गेलं की एकाच जागी सापडतो, असं मी त्यांना सांगितलं.

"त्यात काय नवल?" नारळ निवडत त्या म्हणाल्या. "आमचं मालक कामाव बी असत्यात आन् घरात बी. बगाया गेलं की पारावर घावत्यात."

अश्विनी हसून हसून पायरीवर बसली. पुढं रहिमतपूरचं वळण मी चुकवलं, कारण या मालकांना प्रयोगात कसं बसवावं याचा विचार करत होतो. मग कराडच्या पुढं अख्खा मसूर आणि भाकरी खाल्ली, तेव्हा कुठं डोकं जाग्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या अंगणात परातीत पाणी ओतून मी लाटा दाखवायला बसलो. दोन बोटं बुडवली, गंभीर चेहरा केला आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात म्हशीनं मागून तोंड घालून सगळी सुसंगती पिऊन टाकली.

"जावई," आबा म्हणाले, "तुमी च्या घ्या. पोरीला बोलू द्या. माजी पाण्याची पाळी हाय, वावरात चला."

वरचं वावर आबांचं, खालचं त्यांच्या पुतण्याचं. पाण्याची मोटार एकच. आबा खोरं (फावडं) घेऊन दारं धरत होते, म्हणजे सरीच्या तोंडाशी माती ओढून पाणी वळवत होते. अश्विनी बांधावर बसली.

"आबा, ती सुसंगती दोघांत वाटलेली असते. एक इथं, एक लांब. एकेकट्याच्या वाट्याला येते ती गढूळ, कामाची नाही."

"मग?"

"मग इथल्यानं आपल्या वाट्याची मोजायची. मोजली की त्याची संपते. काय निघालं ते फोनवर कळवायचं. त्या निरोपावर लांबच्याला आपली निवळून घेता येते."

"आन् निरोप न्हाई दिला तर?"

"तर याची गेली आणि त्याची गढूळच राहिली."

आबा खोऱ्यावर हात टेकून उभे राहिले. "आमी दोघं भाऊ हेच करत हुतो की. दोन्ही वावरांत दारं उघडी ठिवली की दोगांच्याबी सरीत चिखल. कुनीतरी आपलं बंद करून हाक मारावी लागतीया."

"अगदी तसंच नाही, आबा. पण त्या वाटेवर आहात."

"व्हय?" त्यांनी खोऱ्यानं सरीतलं एक ढेकूळ बाजूला केलं. "आन् ज्यानं मोजली, त्याला काय ऱ्हातं?"

"त्याच्याकडं काही राहत नाही, आबा," अश्विनी म्हणाली.

आबांच्या दोन सऱ्या अजून कोरड्या होत्या. त्यांनी चार खोरी माती ओढून आपलं दार बंद केलं, पाणी खाली वळवलं आणि पुतण्याला हाक दिली. "सोडलंय रं!" खालून ओ आली.

"कळलं," आबा म्हणाले. "जा तू."

"अहो आबा, त्या दोन सऱ्या..." मी म्हणालो.

"फुडच्या पाळीला बगू. तुमी आदी बुटं काडा, चिकलात उभं हाईसा."

परतताना अश्विनी खिडकीकडं तोंड करून बसली होती. मागच्या सीटवर परात प्रत्येक खड्ड्याला वाजत होती. साताऱ्याच्या पुढं माझ्या ध्यानात आलं की दोन दिवस मी तिचा विषय म्हशीपासून ओटीवालीपर्यंत सगळ्यांना सांगत फिरलो, पण तिला 'जा' म्हणून एकदाही म्हणालो नव्हतो. साहित्य गोळा करत होतो, दुसरं काय. दार माझंही उघडंच होतं; ते बंद करून हाक मी मारलीच नव्हती.

शिरवळला पुन्हा चहाला थांबलो. "होकाराचं पत्र आत्ताच पाठवून टाक," मी म्हणालो. "सोमवारची वाट कशाला बघतेस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग फोन काढला. तिचा चहा गार होत होता. तो मी पिऊन टाकला आणि तिच्यासाठी दुसरा सांगितला.