त्याला सांग, त्यांना सांग

माझा नवरा आणि माझे सासरे यांनी अख्खा उन्हाळा एकमेकांशी एक शब्द न बोलता काढला, आणि त्यांच्या मध्ये निरोप्या झाले मी. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

नवऱ्याचं नाव पुरुषोत्तम. इथे अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या आमच्या गावातच, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याला दारूचं व्यसन नाही हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोकांचा गैरसमज होतो. तो बिअर पितो अर्धा ग्लास आणि बनवतो पिंपभर. तीही तयार अर्क आणून नाही, थेट धान्यापासून. बार्लीला मोड आणून वाळवतात, त्याला मॉल्ट म्हणतात. आपण नाचणीचं सत्त्व करताना करतो तेच सगळं. हा ते मॉल्ट बेसमेंटमध्ये भरडतो, गरम पाण्यात मुरवतो, गोड पाणी गाळून त्यात हॉप्स नावाची कडवट फुलं घालून उकळतो, यीस्ट घालतो आणि मग त्या पिंपाला कान लावून बसतो. कधी गव्हाची गढूळसर, कधी कडवट, कधी कॉफीसारखी काळी. मी तापानं फणफणले होते तेव्हासुद्धा हा पिंपाचं तापमान बघायला खाली गेला होता. ते मी विसरलेले नाही.

सगळ्यात जपायचं शेवटी. बाटलीत भरायच्या आधी बिअरमध्ये मोजून साखर घालतात. यीस्ट ती खातं, त्यानं फेस येतो. साखर जास्त झाली की बाटली फुटते. हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. नानांनी मात्र ते कधी ऐकलं नाही. पहिल्या दिवशी बघितलं तेवढंच, पुढे बेसमेंटचा जिना उतरायचं ते नाव काढत नव्हते.

नाना म्हणजे राजाराम, माझे सासरे, वर्ध्याजवळच्या एका खेड्यातले. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला. तेव्हापासून नाना हात धुऊन दारूच्या मागे लागले. गावातल्या बायकांना बरोबर घेऊन गुत्त्यावर जायचे आणि पिंपंच्या पिंपं ओतून टाकायचे. सासूबाई गेल्यावर एकटे पडले, म्हणून एप्रिलमध्ये आम्ही त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. आल्या आल्या अनिकानं, म्हणजे आमच्या लेकीनं, आजोबांना मोठ्या कौतुकानं बेसमेंट दाखवलं.

नाना वर आले, खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "त्याला सांग, हे बंद कर म्हणावं."

'तो' समोरच सोफ्यावर बसला होता. तोही मलाच म्हणाला, "त्यांना सांग, घर माझं आहे."

झालं, तिथून सुरू. त्याला सांग, टीव्हीचा आवाज कमी कर. त्यांना सांग, बाहेर गार आहे, जॅकेट घाला. एका टेबलावर जेवायला बसायचे आणि लोणच्याची बरणीसुद्धा माझ्यामार्फत मागायचे. अनिका म्हणाली, "मॉम, धिस इज सो चाइल्डिश." मी म्हटलं, बाई गं, हे मला नको, त्या दोघांना सांग.

भांडण बिअरचं नव्हतंच. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या तेव्हा नानांनी पुरुषोत्तमला काही कळू दिलं नव्हतं. फोन केला की एकच उत्तर, बरी आहे, झोपली आहे. तो पोचला तोवर सगळं उरकलं होतं. त्याबद्दल तो नानांना कधी अवाक्षर बोलला नाही. सगळं गिळून बसला, आणि आता बिअरच्या नावानं फुरंगटला होता.

सप्टेंबरात माझा पेशन्स संपला. सकाळी नानांनी "त्याला सांग" एवढंच म्हटलं आणि मी चहाचा कप आपटला. "नाना, तुम्ही पुढच्या महिन्यात निघालात. तुमच्या वयाला हा प्रवास परत झेपायचा नाही. म्हणजे बोलायचं असेल तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. असंच तोंड फिरवून विमानात बसायचं असेल तर खुशाल बसा. पण यापुढे एक निरोप माझ्याकडे द्यायचा नाही. मी काय पोस्टमन आहे?"

मी ऑफिसला निघून गेले.

त्या दिवशी सिंकशेजारी रिकाम्या बाटल्यांचं खोकं होतं. पुरुषोत्तम शेजारीपाजारी बिअर वाटतो आणि बाटल्या परत मागून आणतो. त्या धुऊन, जंतुनाशकाच्या पाण्यातून काढून खाली नेऊन ठेवायचं काम माझ्या गळ्यात. संध्याकाळी येऊन बघते तर खोकं बेसमेंटमध्ये पोचलेलं. मला वाटलं त्यानं धुतल्या, त्याला वाटलं मी. दोघंही फुगलेलो होतो, विचारतंय कोण. त्याच गडद तपकिरी बाटल्यांत त्यानं घरगुती बिअरच्या स्पर्धेला पाठवायची काळी बिअर भरली.

पुढे एका शनिवारी आम्ही जेवत होतो आणि खाली फाडकन आवाज झाला. मग आणखी एक, मग लागोपाठ. नानांनी अनिकाला पोटाशी धरलं. पुरुषोत्तम खाली धावत सुटला, मी त्याचा शर्ट धरून ठेवला. आवाज थांबल्यावर गेलो तर जमिनीवर काचांचा सडा आणि छतावरून बिअर ठिबकतेय. खोक्यात दोन बाटल्या भरायच्या राहिल्या होत्या. पुरुषोत्तमनं त्यातली एक उजेडात धरली. तळाला साखर चिकटलेली होती.

ती बाटली घेऊन तो वर आला आणि नानांच्या ताटापुढे ठेवली. "हे तुम्ही केलंत. दुसऱ्यांची पिंपं ओतायची खोड अजून जात नाही ना? माझी पोरगी खाली असती म्हणजे?"

सगळ्या उन्हाळ्यात तो नानांशी पहिल्यांदा बोलला, आणि बोलला ते हे.

नानांनी हातातला घास ताटात ठेवला. "हिनं सांगितलं, निरोप द्यायचा नाही. तुझ्याशी बोलावं कसं ते मला सुचेना. म्हटलं, तुझ्या बाटल्या तरी धुऊन खाली नेऊन द्याव्यात. तुझी आई कुणाचं भांडं कधी रिकामं परत देत नसे, चमचाभर साखर तरी घालायचीच. मग मी रिकाम्या कशा देऊ?"

"आईचं नाव काढू नका." पुरुषोत्तम इतका ओरडला की अनिका रडायला लागली. "ती मरत होती आणि तुम्ही मला झोपली आहे सांगत होतात."

"तिनंच सांगू नको म्हटलं होतं. तू नोकरी टाकून धावत येशील म्हणून. मी तिचं ऐकलं. ऐकायला नको होतं." नाना उठून त्याच्यासमोर उभे राहिले. "शिव्या घाल मला. पण मला घाल. हिच्याजवळ निरोप देऊ नको."

पुरुषोत्तम खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडला. मला वाईट वाटलंच. पण रागही तितकाच आला. हेच एप्रिलमध्ये बोलला असतात तर काय बिघडलं असतं?

न फुटलेल्या बाटल्या तशाच ठेवणं धोक्याचं होतं. बर्फात गार करून, जाड हातमोजे आणि चष्मे घालून दोघांनी त्या मागच्या अंगणात एकेक करून उघडल्या. नाना वरून घोंगडी धरायचे, तो झाकण काढायचा, फेस उसळायचा आणि बिअर गवतात जायची. "नीट धरा, नाना." "मला शिकवू नको, तुझ्या जन्माआधीपासून ओततोय." संध्याकाळपर्यंत त्यांची वादावादी चालू होती. बेसमेंट अर्थात मी पुसलं.

नाना ऑक्टोबरात परत गेले. बिअर त्यांनी शेवटपर्यंत तोंडाला लावली नाही आणि बंद कर असंही परत म्हटलं नाही. आता रविवारी फोन येतो, दोघं तासभर हुज्जत घालतात. मला कुणी बोलावत नाही.

ती साखरेची बाटली मात्र बेसमेंटच्या फळीवर तशीच आहे. बाटलीवर बारीकसा डाग चालवून न घेणारा माझा नवरा तिला हात लावू देत नाही. मी दर वेळी ओरडते, मुंग्या होतील, धुऊन टाक, नाहीतर काहीतरी भर तिच्यात.

तो म्हणतो, "रिकामी कुठाय ती?"