कुठली गंगा

सूर्य दक्षिणेचा प्रवास संपवून उत्तरेकडे वळतो, तेव्हा माणसाच्या आयुष्यातही काहीतरी वळतं, असं म्हणतात. माझ्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. मी नाशिक सोडलं तो दिवस बावीस डिसेंबर होता आणि मीही उत्तरेलाच निघालो होतो. त्यामागचं कारण इतकंच की तेवीस आणि चोवीस तारखेची रिझर्व्हेशनं संपली होती.

नाशिकरोडच्या फलाटावर बाबा, आई आणि धाकटा भाऊ विनय आले होते. बाबा म्हणाले, "तिकडचं पाणी जड असतं. महिनाभर तरी उकळून पी." आई म्हणाली, "उशी राहिली रे तुझी." बारावीतला विनय खिडकीच्या गजांना धरून उभा होता. तो म्हणाला, "दादा, तुझी सायकल मी घेतो." गाडी अजून हललीही नव्हती.

या गोष्टीला अठ्ठावीस वर्षं झाली. सूर्य सहा महिन्यांनी परत दक्षिणेला वळतो. माझं तसं झालं नाही. आधी पहाडगंजची खोली, मग करोल बागेतलं भाड्याचं घर, मग लग्न, मग गुरुग्रामचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. घराबरोबर पार्किंग मिळालं, क्लब हाऊस मिळालं, हवा शुद्ध करणारं यंत्र आम्ही वेगळं घेतलं. विनयला सायकल मिळाली, त्यानंतर माझी खोली मिळाली आणि मग आई-बाबा पूर्णवेळ मिळाले. इथे माझ्यासारखे पुण्या-मुंबईहून आलेले पुष्कळ आहेत. त्या प्रत्येकाचा एक विनय तिकडे असतो. आम्ही एकमेकांना सांगतो, बरं आहे बाबा, तिकडे कोणीतरी आहे. हे आम्ही ज्या सुरात म्हणतो, तो सूर तिकडच्यांनी ऐकलेला नाही.

बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. यंदा नोव्हेंबरात आई माझ्याकडे आली. विनयच्या घरी रंगकाम निघालं होतं आणि तिला वासाने खोकला होतो. मी मात्र मनात ठरवून टाकलं की ती आता इथेच राहील. तिच्या खोलीत हीटर आणला, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, मोबाइलवर मराठी पेपर लावून दिला. रोज ऑफिसातून आल्यावर विचारायचो, "आई, काही हवंय का?" ती म्हणायची, "काही नको रे, सगळं आहे." अठ्ठावीस वर्षं फोनवरही ती हेच म्हणत आली होती. विनयशी बोलताना मात्र तिची यादी असायची. माझी औषधं संपलीत, चप्पल शिवून आण, कुंडीतल्या तुळशीला पाणी घाल, मी नसले तरी. ज्याच्याकडे काही मागावंसं वाटत नाही, तो मुलगा पाहुणा असतो. मला एकदा, फक्त एकदा, तिने काहीतरी आणायला पिटाळावं, असं वाटत होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर ऋतू मेहरा राहते. पूर्वी एका कंपनीत एचआरमध्ये होती, आता ती ऋतूंप्रमाणे माणसांना सल्ला देते. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी क्लब हाऊसच्या गच्चीवर तिने 'विंटर सॉल्स्टिस सर्कल' ठेवलं होतं. सर्वांत मोठी रात्र संपते, अंधार मागे टाकायचा, येणाऱ्या ऋतूसाठी मनात एक इंटेन्शन सेट करायची, असा बेत. आम्ही ऑफिसात दर एप्रिलमध्ये गोल सेट करतो. फरक एवढाच, की गोलचं वर्षाअखेरी अप्रेझल असतं आणि इंटेन्शनचं नसतं. त्यामुळे तिला गर्दी चांगली होते.

आईला ऋतूनेच हात धरून नेलं. "नावच ऋतू, मग काय करणार ती तरी," असं म्हणत आई शाल गुंडाळून गेली. मी लांबून बघत होतो. सकाळचे सव्वासात वाजले होते. धुक्यात सूर्य दिसणं शक्यच नव्हतं आणि दिसला असता तरी पूर्वेला टॉवर सी आहे. तेव्हा वीस-बावीस माणसांनी डोळे मिटून टॉवर सीला नमस्कार केला. मग चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. त्या पितळी भांड्यात जाळायच्या ठरल्या होत्या, पण प्रदूषणामुळे उघड्यावर काही जाळायला बंदी होती, म्हणून त्या सोसायटीच्या ऑफिसातल्या कागद कापायच्या मशीनमध्ये घालण्यात आल्या.

आईने चिठ्ठी लिहिली नाही. घरी आल्यावर मी कारण विचारलं, तर म्हणाली, "संकल्प लिहीत नाहीत रे. सोडतात. हातावर पाणी घ्यायचं, तोंडाने बोलायचं आणि सोडून द्यायचं. मी त्या मुलीच्या बाटलीतलं पाणी घेतलं."

"काय सोडलास संकल्प?"

"असंच आपलं काहीतरी."

संध्याकाळी लिफ्टमध्ये ऋतू भेटली. "भैया, आंटीजी ने तो सबको रुला दिया," ती म्हणाली. "बाकी सब लिख रहे थे, पीस, अबंडन्स, प्रमोशन. आंटीजी ने हाथ में पानी लिया और बस एक लाइन बोली. मेरेको गंगा पे जाने का है. इतनी प्योर इंटेन्शन, यार."

माझ्या आईला काय हवंय, हे मला आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मधे वरच्या मजल्यावरच्या बाईकडून कळलं. मला ऋतूचा जो हेवा वाटला, तो मी आजवर कुणा बढती मिळालेल्या सहकाऱ्याचाही केलेला नाही. सात आठवडे मी विचारत होतो आणि हिने बाटलीभर पाण्यात ते काढून घेतलं.

पण आता निदान कळलं तरी होतं. त्यात ही गोष्ट माझ्याच हातातली होती. नाशिकहून हरिद्वार म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, माझ्याकडून पाच-सहा तास. इथे विनय काही करू शकत नव्हता. मी शुक्रवारची रजा टाकली, घाटाजवळचं हॉटेल बुक केलं आणि आईला काही सांगितलं नाही. "फिरून येऊ जरा," एवढंच म्हणालो. माझी बायको अनघा म्हणाली, "विचारून घे रे त्यांना एकदा." मी म्हटलं, विचारलं की ती नको म्हणते, हाच तर प्रॉब्लेम आहे.

पहाटे धुक्यात निघालो. मेरठ मागे पडलं, खतौलीच्या एका ढाब्यावर पराठे मागवले. माझा आनंद आता मला आवरेना.

"आई, अजून दोन तास. मग गंगा."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? हरिद्वार. तुला गंगेवर जायचं होतं ना?"

आईने पराठ्याचा तुकडा ताटलीत ठेवला. अनघाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अरे, आपल्या गंगेवर म्हणाले मी. तू नाशिकचाच ना रे?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाशिकमध्ये गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही. गोदावरी शाळेच्या पुस्तकात असते. आम्ही गंगेवर जातो, गंगेला पूर येतो, गंगेवरच्या दुकानात भांडी स्वस्त मिळतात. मीही पंचविसाव्या वर्षापर्यंत हेच म्हणत होतो. पहाडगंजच्या खोलीत सोबत्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हमारा घर गंगा से दस मिनट पे है. तो म्हणाला, "अच्छा, बनारस के हो?" असं तीन-चारदा झाल्यावर मी लोकांच्या सोयीसाठी गोदावरी म्हणायला लागलो. कोणाच्या सोयीसाठी म्हणून एखादा शब्द बाजूला ठेवला की तो तिथेच राहतो. खतौलीच्या ढाब्यावर मला कळलं, की लिफ्टमध्ये 'गंगा' ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे जे आलं, तेच ऋतू मेहराच्याही डोळ्यांपुढे आलं होतं.

तेवढ्यात विनयचा रोजचा फोन आला. आईने स्पीकर लावला आणि त्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरचे सरदारजी वळून बघायला लागले.

"दादा, हरिद्वार? अरे, तिला बुधवारच्या बाजाराला जायचं असतं. घाटावर भरतो तो. दर बुधवारी मी सोडतो तिला, मेथी आणि वालाच्या शेंगा आणते, सबनीस काकू भेटतात, तासभर गप्पा ठोकते. गंगेवर जायचं म्हणजे भाजी आणायला."

"भाजीसाठीच काही नाही," आई म्हणाली. "दिवा पण सोडते एखादा."

"हो, परतीची रिक्षा मिळेपर्यंत."

मी विचारलं, "तुला कसं कळलं लगेच?"

"कळायचं काय त्यात?" विनय म्हणाला. त्याला माझा प्रश्नच समजला नव्हता. त्याचा सर्वांत जास्त हेवा मला त्या क्षणी वाटला. सायकलीपेक्षाही जास्त.

"आलोच आहोत तर बघून घेऊ ही पण," आई म्हणाली आणि आम्ही पुढे गेलो. हरिद्वारला तिने घाटावरची साखळी धरून पाण्यात पाय बुडवले आणि लगेच काढले. "फार जोर आहे रे पाण्याला," म्हणाली. सुरात कौतुक होतं, पण ते दुसऱ्याच्या मुलाचं करावं तसं. मग माझा हात धरून पायऱ्या चढताना म्हणाली, "सुधीर, एक काम करतोस का? एक कॅन घेऊन ये, मोठा. भरून नेऊ." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला काहीतरी आणायला पाठवलं. मी जवळजवळ पळतच गेलो. पाच लिटरचा कॅन आणला, वाकून भरला, झाकण घट्ट लावलं, बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

"विनयला देईन," आई म्हणाली. "त्याच्या घराचं रंगकाम झालंय, शिंपडायला होईल."

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती परत गेली. "संक्रांत घरी करू दे," म्हणाली. "दिवस आता तिळातिळाने मोठा होईल, मग येईन परत." ऋतूचं म्हणणं होतं, की दिवस एकवीस डिसेंबरपासूनच मोठा होतोय. खगोलशास्त्र ऋतूच्या बाजूने आहे. आईच्या खोलीतला हीटर मी अजून हलवलेला नाही.

घर म्हणजे काय, यावर आमच्या इथल्या मराठी मंडळात दरवर्षी कोणीतरी भाषण करतं. मी ऐकतो आणि टाळ्याही वाजवतो. मला आता इतकंच वाटतं, की एखादा शब्द उच्चारल्यावर 'कुठली?' असं जिथे कोणी विचारत नाही, ते घर. ते माझं होतं. आता ते विनयचं आहे आणि त्याला त्याची कल्पनाही नाही.

पोचल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी तो आईला गंगेवर घेऊन गेला आणि मला व्हिडिओ पाठवला. बाजार भरला होता, मेथी चांगली होती, सबनीस काकूही होत्या. गंगेला पाणी नव्हतं. धरणातून पाणी सोडायचं पुढचं आवर्तन सोमवारी होतं.