बाबलदादाचे नऊ खण

बाबलदादा संगणकाला माउस लावतच नसे. ओरोसला सरकारी कचेऱ्यांसमोर आमचं टायपिंगचं दुकान. तिथे मालकाकडे कामाला तो आणि मी, दोघंच. मिठबावहून बसने यायचा आणि डबा ठेवायच्या आधी संगणकाचा पडदा मांडायचा. संगणकातली प्रणाली त्यानेच कुठूनशी आणून बसवलेली. तिच्यात एक खिडकी दुसरीवर चढत नाही, शेजारी शेजारी बसतात. आणि असे पडदे नऊ. त्यांना तो खण म्हणे. आकडा दाबला की तो खण समोर. एकवर अर्ज, तीनवर प्रतिज्ञापत्रं, नऊवर त्याने टाइप करून ठेवलेली लाडकी भजनं.

"आवशीन बाजारात माशांचे वाटे लावले काय ते हलवचे नसतत," मासे विकणाऱ्या आईचा दाखला देत म्हणायचा. "बोलता बोलता तिचो हात बरोबर बांगड्यार जाता."

मी चिडवायचे, "दादा, बघून तरी दाब!"

"बोटांक ठावक आसा गो."

एकदा खारेपाटणला बहिणीकडे जातो म्हणून तीन दिवस आला नाही. मला काय अवदसा आठवली! त्यानेच शिकवलेल्या युक्तीने मी सगळे खण माझ्या मते सोयीचे लावले. खूश होईल नाहीतर ओरडेल, दोन्हीला मी तयार होते.

चौथ्या दिवशी आला, तीन दाबलं आणि एका म्हातारीचं प्रतिज्ञापत्र टाइप करू लागला. तीनवर आता भजनं होती. मी हसू दाबून मागे उभी. भजनाच्या मधोमध म्हातारीचं नाव उमटलं, गाव उमटलं, मयत नवऱ्याचं नाव उमटलं. तो थांबेचना. माझं हसू गेलं.

"दादा, खंय टायप करतंस?"

हात थांबले. "तीनार न्हय?"

"तीनच. पण मियां खण हलयले." कुठे काय ठेवलं ते मी घाईघाईने सांगून टाकलं.

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "माका दिसणा नाय गो. खारेपाटणाक नाय, डोळे दाखवक गेल्लंय. उरली आसा ती नजरय जातली म्हणतत डॉक्टर. ह्या नऊ खणांर घर चालता. मालकाक सांगू नको."

मेली माझी अक्कल! जुना क्रम परत लावायला बसले तर मलाच काही आठवेना. तो सांगत गेला, मी लावत गेले. पुढे पाच महिने त्याचं टायपिंग तपासून देत होते. त्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं, आणि ते मला रोज टोचायचं.

शेवटी मालकाला त्यानेच सांगितलं. काम सोडून निघायच्या दिवशी डबा पिशवीत घातला, पुन्हा खुर्चीत बसला आणि खटाखट बटणं दाबू लागला.

"आता काय करतंस?"

"तुझ्या क्रमान लावतंय. बघून काम करणाऱ्याक तोच बरो."

तो क्रम मी एकदाच सांगितला होता. एक ते नऊ दाबून पाहिलं. एकही खण चुकला नव्हता.

"बरोबर आसत मां?"

"आसत."

"मगे चल, माका एसटीत बसव," म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने आधाराला हात पुढे केला.