एकाच भांड्यातलं फाँड्यू

आज दुपारी घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. माझी स्विस सहकारी उर्सुला हिने मला, नागपूरहून आलेल्या माझ्या आईला आणि ऑफिसातल्या वैदेहीला इथे सिंगापूरमधल्या तिच्या सेरंगूनच्या घरी फाँड्यू खायला बोलावलं.

२. फाँड्यू म्हणजे वितळलेलं चीज. भांडं एकच, आणि सगळ्यांनी लांब काट्याला पाव टोचून त्यातच बुडवायचा.

३. आईने दोन घास आवडीने खाल्ले. मग वैदेही मला हसत म्हणाली, "मला बाई वेगळ्या वाटीत काढून दे. उष्टं नाही चालत मला."

४. आईने काटा खाली ठेवला. पोट भरलं म्हणाली.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आई म्हणाली, "तिला माझं उष्टं नको होतं."

"आई, भांड्यात उर्सुलाचाही काटा होता."

"वाटी कधी मागितली? मी पाव बुडवल्यावर. तुझ्या वयाची असताना माझ्यासाठी लोक कप वेगळा ठेवायचे, बाळा. मला कळतं."

मला मात्र कळत नाही. वैदेही रोज माझ्या डब्यातली भाजी खाते. पण मी सुरू करण्याआधी, स्वतःच्या चमच्याने काढून घेते. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो.

इथे मला मैत्रीण म्हणावी अशी ती एकटीच आहे. रविवारी ती आमच्याकडे जेवायला येणार आहे. विचारलं आणि तिच्या मनात काही नसलं, तर मैत्री जाईल. न विचारता आईला तिच्यासाठी स्वयंपाक करायला लावणं मला जमणार नाही.

तुम्ही विचारलं असतं का? कृपया शुक्रवारपर्यंत कळवा.